शेरा

तुर्भ्याच्या लॅबमध्ये दिवसाला चाळीस नमुने येतात मिरचीचे.
पिशवीवर व्यापाऱ्याचं नाव नसतं, नुसता क्रमांक.
एका यंत्रावर मी रंग मोजते,
दुसऱ्यावर तिखट.
दोन वेगळे रकाने.

ब्याडगी रंगाला चढते, तिखटाला बेताची.
लवंगी दिसायला एवढीशी, जीभ सोलून काढते.
नवा पोरगा पहिल्याच आठवड्यात विचारतो,
मॅडम, जास्त लाल तीच जास्त तिखट ना?
बारा वर्षं पगार घेतेय मी
या प्रश्नाला नाही म्हणण्याचा.

आणि तरी चौतिशीपर्यंत
स्वतःपुरती मी त्या पोराइतकीच अडाणी.
अंग तापलं म्हणजे प्रेम असणार,
प्रेम नसेल तर अंग खोटं बोललं असणार.

जयदीप होता.
पाम बीच रोडला पहाटे सायकल हाणायचा.
त्याच्या मानेवरचा घाम वाळताना बघून
माझ्या गुडघ्यांतलं बळ जायचं. खरंच जायचं.
दोन हिवाळे असे.
मग एकदा त्याला ताप भरला.
मी गोळीचं नाव मेसेज केलं
आणि झोपले. छान झोप लागली.
तिथेच कळायला हवं होतं.

हर्षाली नुसती शिंकली
तर मी बेलापूरला रिक्षा करून आलं घेऊन गेले,
तिच्या घरी आलं होतंच.

तिला पहिलं दीड वर्ष हात लावावासा वाटला नाही,
लपवत नाही.
तिच्यासोबत विजेचं बिल भरावंसं वाटायचं.
दिवाळ्याला तिच्या आईच्या ओट्यावर बसून
सुकट निवडत तिचं ऑफिसपुराण ऐकावंसं.
मग एका गुरुवारी वाटला,
ती केस पुसत होती, टॉवेल भिजून जड झालेला,
बाकी काही कारण नव्हतं.

म्हणजे बाई तिथे जीव आणि पुरुष तिथे देह,
असाही सोपा हिशोब नाही.
सानपाड्याची ती डेंटिस्ट आठवते,
मी बिनकिडीची दाढ दाखवायला तीनदा गेले.
प्रेमबिम काही नव्हतं.
चौथ्यांदा तिने फी घेतली नाही,
मला लाज वाटली.

पुरुषावर जीव जडला नाही अजून.
तो रकाना कोरा आहे.
शून्य नाही, कोरा.
आमच्याकडे ट्रेनिंगचा पहिला दिवस
या फरकातच जातो.

मी एकदा म्हटलं, खाडीसारखं आहे बघ माझं,
ना धड गोड, ना धड...
हर्षालीने मध्येच तोडलं.
खाडीचं नाव काढू नको, तीन पिढ्या पोट आहे आमचं त्यावर.
पाणी खारंच असतं.

कोपरखैरण्याच्या खोलीत, दिवा गेल्यावर,
तिने विचारलं, भिंतीकडे तोंड करून,
तुझी नजर जाते अजून?
जाते.
पुरुषांवर पण?
त्यांच्यावर पण.
पंखा बंद पडला होता, आवाजाला आडोसा नव्हता.
आणि जीव? जीव गेलाय कधी कुणावर?
एकदाच.
मग मेलीसच तू, म्हणाली,
आणि चादर ओढून घेतली, माझ्या वाटणीचीसुद्धा.

तिने ऐकलं ते तिला पुरलं की नाही,
मला अजून माहीत नाही.
सकाळी डब्यात तिने चपात्या चार दिल्या,
रोजच्यासारख्याच.

मे महिन्यात तिची आई गच्चीवर मिरच्या वाळवते,
ब्याडगी, संकेश्वरी, थोडी पांडी.
मी प्रमाण विचारलं.
हात थांबेल तेवढं, म्हणाली,
आणि माझ्याकडे बघत राहिली जरा जास्तच वेळ.
मला ठसका लागला.

आमच्या रिपोर्टात तिसरा एक रकाना असतो, शेरा.
बहुतेक रिकामाच जातो.
आज एकशे बारा नंबरपाशी पेन थांबलं.
रंग भरपूर. तिखट बेताचं.
काहीतरी लिहावंसं वाटलं, त्या मिरचीच्या बाजूने.
मग खाली सही केली,
तारीख घातली.